संगणकाचा पंखा का ओरडतो?

एक साधा प्रयोग करून पाहा. प्रयोगशाळेतला तापमापी छताच्या पंख्याखाली टांगा. पंखा बंद असताना तापमान नोंदवा. मग पंखा पूर्ण वेगाने लावा आणि पाच मिनिटांनी पुन्हा नोंद घ्या. पारा खाली उतरतो का? उतरत नाही. मग त्याच पंख्याखाली बसल्यावर आपल्याला गार का वाटते? आपल्या अंगाभोवती शरीराच्या उष्णतेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. पंखा तो थर हटवतो आणि घामाचे बाष्पीभवनही वाढवतो. तापमापी मुळातच खोलीइतका तापलेला असतो आणि त्याला घामही येत नाही. त्यामुळे पंख्याचा त्याला काहीच उपयोग नाही.

संगणकातला पंखाही थंडी तयार करत नाही. तापलेल्या भागाजवळची गरम हवा हटवून तिथे कमी गरम हवा आणणे एवढेच त्याचे काम. म्हणून पंख्याची तक्रार आली की एकट्या पंख्याकडे पाहून चालत नाही. उष्णता जिथे निर्माण होते तिथपासून ती खोलीच्या हवेत मिसळते तिथपर्यंतची सगळी वाट तपासावी लागते.

हे शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २००४ साली केंद्र सरकारची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना सुरू झाली. त्या काळात आणि पुढच्या दहा वर्षांत अनेक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. त्या वेळचे डेस्कटॉप संगणक काही ठिकाणी अजून टिकून आहेत. त्यांची तक्रार बहुधा ठरावीक असते. सुरू केल्यावर दहा मिनिटांत घरघर वाढते, काम मंदावते आणि एखाद्या दुपारी संगणक आपोआप बंद होतो. मग तो कोपऱ्यात सरकवला जातो आणि डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाची वाट पाहतो. अनेकदा त्याचा दोष एवढाच असतो की उष्णतेची वाट कुठेतरी अडली आहे.

उष्णता येते कुठून?

ज्या पेटीला आपण सवयीने ‘सीपीयू’ म्हणतो, ती खरे तर कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आतल्या मदरबोर्डवर बसवलेला असतो. प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होतात आणि दर वेळी थोडी विद्युत ऊर्जा खर्च होते. ही ऊर्जा जाते कुठे? पाण्याच्या पंपाप्रमाणे प्रोसेसर काही उचलत नाही किंवा ढकलत नाही. त्याला मिळालेली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. प्रोसेसर ८० वॅट घेत असेल तर तो ८० वॅटचा हीटरच आहे, असे समजायला हरकत नाही.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये पंखा होता तो एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात. प्रोसेसरला स्वतःचा पंखा नव्हता. पुढे वेग वाढत गेला आणि उष्णताही वाढत गेली. २००४ साली इंटेलने पेंटियम-४ची नवी आवृत्ती आणली. तिच्या चिपचे क्षेत्रफळ ११२ चौरस मिलिमीटर होते, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या नखाएवढे. त्यातल्या वेगवान प्रोसेसरांसाठी ११५ वॅट उष्णता वाहून नेण्याची सोय करावी लागे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १०० वॅट झाले. आता घरातली ७५० वॅटची इस्त्री घ्या. तिच्या तळाचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटीमीटर धरले तर दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट होतात. क्षेत्रफळाच्या मानाने तो प्रोसेसर इस्त्रीच्या वीसपट उष्णता सोडत होता! ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झ वेगाचा पेंटियम-४ आणण्याचा बेत रद्द केला. २००६ साली कोअर-२ ड्युओ आला. त्याच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी हाच आकडा ६५ वॅट होता. शाळांमधल्या जुन्या संगणकांत या दोन्ही पिढ्या सापडतात.

उष्णतेची वाट

प्रोसेसरपासून खोलीपर्यंत उष्णतेचा प्रवास चार टप्प्यांत होतो.

पहिला टप्पा प्रोसेसरच्या पाठीवरून हीट सिंकच्या तळात जाण्याचा. हीट सिंक म्हणजे ॲल्युमिनियमचा, कधी मध्यभागी तांबे असलेला, पुष्कळ पातळ पट्ट्यांचा ठोकळा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. ते एकमेकांवर ठेवले की मध्ये हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तिची वाहकता हजारो पटींनी कमी भरते. म्हणून मध्ये उष्णतावाहक लेप लावतात. बाजारात त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. हा लेप हवेपेक्षा कितीतरी चांगला वाहक असतो, पण धातूपेक्षा पुष्कळच कमी. म्हणून तो फक्त फटी भरण्यापुरता, पातळ लावायचा असतो. जाड थर दिला की तोच अडथळा होतो.

दुसरा टप्पा हीट सिंकच्या तळापासून पट्ट्यांच्या टोकापर्यंतचा. हे धातूतून होणारे वहन आहे. इथे सहसा काही बिघडत नाही.

तिसरा टप्पा पट्ट्यांपासून हवेत जाण्याचा. पट्ट्यांमुळे हवेला लागणारे क्षेत्रफळ वाढते आणि पंखा तिथली तापलेली हवा सतत बदलत राहतो. शाळेत आपण अभिसरण शिकवतो त्याचाच हा प्रकार, पण सक्तीने घडवलेला.

चौथा टप्पा कॅबिनेटमधल्या गरम हवेने बाहेर पडण्याचा. तो कोणी लक्षात घेत नाही. मागच्या बाजूचा पंखा आणि एसएमपीएसचा पंखा हवा बाहेर फेकतात आणि पुढच्या जाळीतून नवी हवा आत येते. किती हवा लागते? एक लिटर हवा १ अंश सेल्सिअसने तापायला सुमारे १.२ ज्यूल उष्णता लागते. संगणक एकूण २०० वॅट उष्णता सोडत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा बाहेर गेली पाहिजे. म्हणजे सेकंदाला आंघोळीची एक बादली भरून हवा! पुढची जाळी धुळीने बुजली असेल किंवा कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर ही बादली येणार कुठून?

हिवाळ्यात चालतो, एप्रिलमध्ये का नाही?

ओहमचा नियम आठवा. विभवांतर भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. उष्णतेलाही असाच हिशेब लावता येतो. तापमानातला फरक भागिले उष्णतारोध म्हणजे दर सेकंदाला वाहणारी उष्णता.

समजा, प्रोसेसर ८० वॅट उष्णता सोडतो आणि प्रोसेसरपासून आतल्या हवेपर्यंतचा रोध दर वॅटला ०.४ अंश आहे. म्हणजे प्रोसेसर आतल्या हवेपेक्षा ३२ अंशांनी गरम राहील. आतली हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी गरम आहे असे धरू. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ६५ अंशांवर राहतो.

आता पट्ट्यांमध्ये धूळ साठली आणि रोध ०.६ झाला. फरक ३२ ऐवजी ४८ अंश होईल आणि डिसेंबरात प्रोसेसर ८१ अंशांवर जाईल. कदाचित तेवढ्यावर तो चालेलही. पण एप्रिलमधल्या दुपारी विदर्भातल्या पत्र्याच्या छपराखाली खोली ४२ अंशांवर असते. तिथे हाच हिशेब ९८ अंश दाखवतो. धूळ तीच आहे, पंखा तोच आहे, तरी संगणक चालत नाही. म्हणूनच वर्षभर साठलेला दोष परीक्षेच्या दिवसांत उघड होतो.

प्रत्यक्षात प्रोसेसर तिथवर पोचण्याआधी स्वतःचा बचाव करू लागतो. पेंटियम-४ आणि त्यानंतरच्या प्रोसेसरांत तशी सोय आहे. ठरावीक मर्यादेवर गेल्यावर प्रोसेसर मधूनमधून क्षणभर काम थांबवतो, म्हणजे कमी तापतो. पडद्यावर बहुधा काहीच सूचना येत नाही. वापरणाऱ्याला एवढेच दिसते की संगणक फार मंदावला. मग व्हायरस शोधण्यात दुपार जाते! त्यानंतरही तापमान वाढत राहिले तर संगणक स्वतःला बंद करतो.

हात लावून निदान

कॅबिनेटची बाजूची पट्टी काढून ठेवा. संगणक सुरू करा आणि बिघाड दिसेपर्यंत चालू द्या. या वेळी आत हात घालायचा नाही, फक्त पाहायचे. प्रोसेसरचा पंखा फिरतो का, वेगाने की सावकाश, ते नोंदवा. मग संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा आणि लगेच हीट सिंकला बोट लावून पाहा. क्षणभरच लावा, कारण ते पोळू शकते. आता चार शक्यता उरतात.

पंखा थांबलेला किंवा अगदी सावकाश, आणि हीट सिंक गरम. म्हणजे उष्णता पट्ट्यांपर्यंत पोचली, पण पुढे गेली नाही. दोष पंख्यात, त्याच्या तारांत किंवा जोडणीत आहे.

पंखा जोरात आणि हीट सिंकही खूप गरम. उष्णता पट्ट्यांपर्यंत आली, पंखाही काम करतो आहे, पण हवा पट्ट्यांमधून जात नाही. पंख्याच्या खाली, पट्ट्यांच्या तोंडावर पाहा. बहुतेक वेळा तिथे धुळीची घट्ट गादी बसलेली दिसते. वरून पंखा स्वच्छ दिसला तरी फसू नका.

पंखा जोरात, पण हीट सिंक जेमतेम कोमट. हे लक्षण सर्वांत बोलके आहे. प्रोसेसर तापला म्हणून पंखा ओरडतो आहे, पण उष्णता हीट सिंकपर्यंत येतच नाही. म्हणजे पहिला टप्पा तुटला आहे. लेप वाळून भेगाळला असेल किंवा हीट सिंक एका कोपऱ्यावर उचलला गेला असेल. २००४ नंतरच्या अनेक संगणकांत हीट सिंक प्लास्टिकच्या चार खुंट्यांनी बसवलेला असतो. त्यातली एखादी सैल होणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा संगणकाला नवा पंखा बसवला तर पैसे वाया जातात.

चौथी शक्यता म्हणजे पट्टी उघडी असताना बिघाड येतच नाही, लावली की येतो. मग दोष चौथ्या टप्प्यात आहे. पुढची जाळी, मागचा पंखा आणि कॅबिनेटची जागा तपासा. काही जण यावर पट्टी कायमची काढून ठेवतात. त्याने धूळ, पाल आणि मुलांची बोटे आत जायला वाट मिळते. पट्टी उघडणे ही परीक्षा आहे, उपचार नव्हे.

या चारही वेळी प्रोसेसरकडची लक्षणे ठीक असतील आणि तरी संगणक पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल, तर एसएमपीएसच्या मागे हात धरून वारा येतो का ते पाहा. येत नसेल तर संपूर्ण डबा बदला. तो उघडू नका. २३० व्होल्टचा पुरवठा आत एकदिश केल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहू शकतो.

आवाज ओळखा

कागदाची नळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरे वेगवेगळ्या पंख्यांच्या दिशेने, थोड्या अंतरावर धरा. आवाज कोणाचा ते लगेच कळते.

टकटक असा एकसारखा आवाज येत असेल तर बहुधा एखादी वायर पात्याला लागते आहे. सकाळी सुरू करताना घरघर आणि थोड्या वेळाने शांत, असे असेल तर बेअरिंगमधले तेल आटले आहे. सगळे कॅबिनेट थरथरत असेल तर स्क्रू सैल असतील, पाते मोडले असेल किंवा पात्यांवर धूळ कमीजास्त साठली असेल. आणि घूं असा नुसता वाऱ्याचा मोठा आवाज असेल तर पंखा बिघडलेला नाही. त्याला वेगाने फिरण्याची आज्ञा मिळते आहे. ती का मिळते, ते वरच्या चार शक्यतांत शोधायचे.

संगणक बंद असताना पाते बोटाने हलकेच फिरवून पाहा. चांगला पंखा थोडा वेळ फिरत राहतो. लगेच अडखळून थांबला तर बेअरिंग जड झाले आहे. साध्या बेअरिंगच्या पंख्यावरचा स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला तर तो काही दिवस चालतो. खोबरेल किंवा गोडे तेल घालू नका, ते पुढे चिकट होते. तेल हा तात्पुरता उपाय आहे. तोवर त्याच मापाचा १२ व्होल्टचा नवा पंखा आणावा.

तारांची भाषा

या पंख्यातल्या मोटरीला कार्बन ब्रश नसतात. फिरणाऱ्या भागात चुंबक असतो आणि स्थिर भागात तारेची वेटोळी. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आहे हे एक छोटा संवेदक ओळखतो आणि त्याप्रमाणे वेटोळ्यांतली धारा बदलते. हा संवेदक ज्या परिणामावर चालतो तो एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला. विद्यार्थी बारावीनंतर भौतिकशास्त्रात तो शिकतील. इथे तो काही रुपयांच्या पंख्यात पाहायला मिळतो.

तीन तारांच्या पंख्यात दोन तारा विजेच्या आणि तिसरी वेग कळवणारी असते. दर फेरीला या तारेवर दोन स्पंद येतात. सेकंदाला ८० स्पंद आले तर सेकंदाला ४० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला २४०० फेऱ्या. चौथी तार असेल तर तिच्यावरून मदरबोर्ड पंख्याला किती वेगाने फिरायचे ते सांगतो.

यावरून दोन कोडी सुटतात. पंखा फिरतो आहे, तरी सुरू होताना ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येतो. अशा वेळी वेग कळवणारी तार तुटली असेल किंवा पंख्याचा प्लग मदरबोर्डवरच्या दुसऱ्याच जागी खोचला असेल. दुसरे कोडे म्हणजे संगणक गार असतानाही पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो. चार तारांच्या पंख्याला आज्ञेची तार जोडलेली नसेल तर तो पूर्ण वेगानेच फिरतो. चार खिळ्यांच्या जागी तीन तारांचा पंखा बसवला तर काही मदरबोर्डांवर हेच होते.

तापमान आणि फेऱ्या पाहायच्या असतील तर संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबून बायोसमध्ये जा. ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ’ नावाच्या पानावर दोन्ही आकडे बहुधा मिळतात.

दुरुस्ती

प्लग काढा. कॅबिनेट व्हरांड्यात न्या आणि नाकाला रुमाल बांधा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरचा स्थिर विद्युतभार निघून जाईल. कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने धूळ सुटी करा. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते. ओला कपडा वापरू नका.

लेप बदलायचा असेल तर आधी संगणक पाच मिनिटे चालवून बंद करा, म्हणजे जुना लेप मऊ होईल. प्लग काढल्यावर हीट सिंक सरळ न उपटता थोडा डावीउजवीकडे फिरवत उचला. जुन्या पेंटियम-४ संगणकांत सरळ उपटल्यास प्रोसेसरही सॉकेटमधून निघून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने दोन्हीकडून पूर्ण पुसा. नवा लेप मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढा पुरतो, दाबाने तो पसरतो. खुंट्यांवर बाण कोरलेला असतो. बाणाच्या दिशेने फिरवले की खुंटी सुटते, म्हणून बसवण्याआधी सगळ्या खुंट्या उलट फिरवून मूळ जागी आणा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन खुंट्या दाबा. टक् असा आवाज आला पाहिजे. शेवटी प्रत्येक खुंटी हलकेच ओढून पाहा.

मागचा पंखा बदलताना दिशा चुकण्याची शक्यता असते. हवा बहुधा चौकटीचे आडवे दांडे असलेल्या बाजूने बाहेर पडते. कागदाची बारीक पट्टी धरली की खात्री होते.

वर्गात करण्याजोगे

एक नियम मात्र कटाक्षाने पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी तापमान नोंदवा. धूळ काढली, लेप बदलला आणि पंखाही बदलला, तर संगणक चालू होईल, पण दोष कशात होता ते कोणालाच कळणार नाही. पुढचा संगणक बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

नववी-दहावीच्या मुलांचा एक गट करा. सफाईपूर्वी आणि सफाईनंतर, संगणक सुरू केल्यापासून दर दोन मिनिटांनी बायोसमधले तापमान नोंदवून आलेख काढायला सांगा. त्यावर खोलीचे तापमान लिहायला विसरू नका, नाहीतर डिसेंबरचा आलेख एप्रिलच्या आलेखाशी ताडून पाहता येणार नाही. आलेखाची रेघ शेवटी आडवी का होते, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. निर्माण होणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाली, हे उत्तर त्यांना स्वतः सापडू द्या.

प्रत्येक संगणकासाठी वहीचे एक पान राखा. सफाईची तारीख, तापमान आणि बदललेला भाग त्यावर लिहा. कापडी आच्छादन संगणक बंद झाल्यावरच घालायचे, हेही त्याच पानावर वर लिहून ठेवा. मग निर्लेखनाचा प्रस्ताव करण्याची वेळ आली तर तो एखाद्या दुपारच्या घरघरीवरून न करता या नोंदी पाहून करता येईल.